मास्तरांच्या गाडीतली पुढची जागा

अनंतमास्तर घरामागच्या लिंबाखाली गाडीचा हौदा धूत होते आणि त्यांची लेक पद्मजा चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होती. चैत्राची सकाळ. ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. मास्तरांनी धोतर वर खोचलं होतं. शेजारी बादलीत लिंबाचा पाला उकळलेलं पाणी, हातात खराटा. फळ्यांच्या फटी ते अशा घासत होते, जशी उद्या शाळेची तपासणी आहे आणि साहेब येऊन पहिल्यांदा हौद्यातच चढणार आहेत.

“एवढं काय लागलंय तात्या हौद्याला?”

“सोनपेठला सरकी टाकून आलो काल. तेलकट झालं होतं.”

पद्मजाने कप त्यांच्या हातात दिला. सरकी वाहिली की फळ्यांना कापसाचे बारीक धागे चिकटून बसतात, पुढचे कितीतरी दिवस ते निघत नाहीत, हे त्या घरात लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक होतं. फळ्या धुतलेल्या पाटीसारख्या कोऱ्या होत्या. तिने ते पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. मास्तरांच्या घरची रीतच तशी. प्रश्न एकदा विचारायचा, उत्तर मिळालं की ते खरं धरायचं. ताडकळसच्या दोन पिढ्यांना त्यांनी वर्गात एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली होती. खोटं बोलू नये, आणि खरं बोलताना आवाज चढवू नये.

गाडी लढाईच्या काळातली. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावातून मास्तर आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णासाहेब यांनी ती मिळून घेतली होती. पुढे तिघं दाटीने बसतील एवढी जागा, मागे उघडा फळ्यांचा हौदा. निजामी राज्य होतं तेव्हा ती आली. नंतर हैदराबाद गेलं, मुंबई राज्य आलं, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, मास्तर पेन्शनीत निघाले. गाडी तशीच राहिली. चालवायचा लिंबाजी. तिच्या नाकासमोर उभं राहून हँडल कोणत्या झटक्याने मारायचं, हे त्याच्याशिवाय कोणाला जमत नसे.

दुपारी मास्तरांनी भाकरी कुस्करून ताकात खाल्ली, वर्तमानपत्र वाचलं आणि डावा खांदा चोळत म्हणाले, “उद्या परभणीला चाललोय. येतेस का? पुढं एक जागा असते.”

“परीक्षेचे पेपर पडलेत तात्या, डोंगराएवढे.”

“मग राहू दे.”

तिने मनाशी ठरवलं होतं, सरकीचं उद्या जेवताना विचारू. सहज. हसत हसत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाडी आली ती थेट पुढच्या दारात. मास्तरांचं घर गावाच्या वेशीबाहेर, शाळेच्या रस्त्याला होतं. पद्मजा कंदील घेऊन बाहेर आली. लिंबाजी खाली उडी मारून ओरडला, “ताई, पाणी आणा! मास्तरांला धुगधुगी हाय अजून!”

तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. चमच्याने पाणी घातलं. ते ओठाच्या कडेने परत आलं. मग धावत आलेल्या शेजाऱ्यांना त्यांच्याजवळ बसवून ती स्वतः डॉक्टरांकडे पळाली, अनवाणी. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, पापणी उचलली आणि तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “ह्यांना जाऊन बराच वेळ झालाय, पद्माताई. दुपारचीच गोष्ट असावी.”

लिंबाजी दाराशी उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

त्या रात्री तिने दोन गोष्टी पाहिल्या आणि मनात ठेवल्या. मास्तर टोपी नेहमी कपाळाच्या वर, थोडी मागे घालत; आज ती भुवयांपर्यंत ओढलेली होती. आणि कोट काढताना छातीवर एक आडवी चुणी दिसली, काहीतरी आवळून बांधल्यासारखी.

परभणी काही काशी नव्हे. दुपारी गेलेला माणूस दिवेलागणीपर्यंत कुठे होता? कोणी बांधला? का बांधला? आणि मेलेल्या माणसाला जिवंत म्हणून लेकीच्या मांडीवर ठेवणारा माणूस आणखी काय काय लपवत असेल?

सुतकात माणूस विचारत नाही. मग प्रश्न शिळा होतो, आणि शिळा प्रश्न विचारायला ताजं कारण लागतं. लिंबाजी रोज येई, गाडीवरची धूळ पुसून जाई. ती दार लोटून घेई.

ताजं कारण अण्णासाहेब घेऊन आले. ते परभणीला वकिलाकडे कारकुनी करत, आणि बोलण्यातही अर्जासारखे मुद्द्यावर यायचे.

“गाडी काढावी म्हणतो,” ते म्हणाले. “नांदेडचा एक भंगारवाला मागायलाय. म्हटलं घरची वस्तू, आधी घरात विचारावं. कागद माझ्याच नावावर आहेत, अनंताच्या वाट्याचं तुला सोडून बाकीचं दे. घेतेस?”

“मी काय करू गाडीचं काका?”

“भाड्यानं दे. पगाराला जोड होईल.”

त्यांनी जी किंमत सांगितली तीत बरी बैलजोडी आली नसती. पद्मजा त्यांच्याकडे बघत राहिली. हे तेच अण्णाकाका होते, जे आठवडी बाजारात वांग्यांसाठी दोनदा उठून जात आणि तिसऱ्यांदा परत येत.

“एवढ्या स्वस्तात का?”

“पुतणी म्हणून.”

“काका.”

अण्णासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. “लोक घेत नाहीत ती भाड्यानं. खरं ते हे. लग्नसराई चालू आहे, ताडकळसची वऱ्हाडं पूर्ण्याहून गाडी आणवतात, दारातली सोडून. पेरणीचं बी कोणी त्या हौद्यात ठेवत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, मास्तरांची गाडी मास्तरांलाच शोभते. हे उत्तर झालं का?”

“तात्यांना माहीत होतं?”

“अनंताला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते देव जाणे.” त्यांनी आवाज खाली आणला. “माझं ऐक. गाडी घेतलीस तर लिंबाजी तिच्याबरोबर येतो, शेपटासारखा. आणि त्या माणसाचा मला भरवसा नाही. भल्या पहाटे निघायचे, रात्री यायचे, भाड्याचा पैसा दिसायचा नाही. पूर्वी ह्या हद्दीतला माल त्या हद्दीत नेणारे कमी नव्हते. हद्द गेली, पण माणसाची सवय जाते का? साध्या माणसाच्या गाडीतून काय जातं हे त्याला कळत नसतं.”

त्यांनी सुपारी तोंडात टाकली. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत, पण ते दोघांनाही ऐकू आलं. किंवा कळत असतं.

“एक दिवस गाडी रस्त्यावर काढून बघते,” पद्मजा म्हणाली. “मग सांगते.”

“बघ. बैल घेताना दात बघतात. गाडीचं काय बघतात, ते तू बघ.”

ते गेल्यावर ती हौद्यात चढली. दुपारच्या उन्हाने फळ्या तापल्या होत्या आणि इतक्या दिवसांनंतरही त्यांना लिंबाच्या पाल्याचा कडसर वास होता. तिने केसांतली पिन काढून फळ्यांच्या फटीतून फिरवली. माती निघाली, एक-दोन जोंधळे निघाले, आणि मग काचेचा एक हिरवा तुकडा. बांगडीचा. पुढच्या फटीत आणखी एक. मग निळा. मग पुन्हा हिरवे, वेगळ्या नक्षीचे.

ती तिथेच बसली. मास्तरांनी एवढं घासूनही हे राहिले, म्हणजे मुळात किती असतील? आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकटा पुरुष, गाडी, पहाटेची निघणं, सरकीची थाप. पद्मजाने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. हे एखाद्या कादंबरीत असतं तर तिने पान उलटण्याआधीच ओळखलं असतं, आणि कदाचित मायेने हसलीही असती. पुस्तकातल्या माणसांना माफ करणं सोपं जातं. त्यांच्या पंगतीला आपण जेवलेलो नसतो.

पण एका बाईच्या बांगड्या एवढ्या रंगांच्या नसतात. हा विचार तिला जास्त भयंकर वाटला.

तिने तुकडे पदराच्या टोकात बांधले.

सुट्टीचे दिवस होते. शाळेसाठी परभणीहून पाट्या आणि फळ्याचा रंग आणायचा होता. तिने लिंबाजीला निरोप धाडला. तो सकाळी आला, हँडल मारलं, गाडी खोकत खोकत जागी झाली. पद्मजा पुढच्या दाराकडे गेली तसा तो घाईने पुढे आला.

“ताई, तुमी मागं बसता का? पोतं टाकून देतो. पुढली शीट फाटलीय, तारा लागत्यात.”

“लागू देत.”

“तिथं मास्तर बसायचे.”

“म्हणूनच तिथे बसते.”

लिंबाजीने तोंड फिरवलं. ती चढली. शीट कुठेच फाटलेली नव्हती. पायाशी काहीतरी मऊ लागलं म्हणून तिने वाकून ओढलं. मास्तरांचं उपरणं. पीळ दिल्यासारखं, दोन्ही टोकांना गाठींच्या खुणा. छातीवरची ती आडवी चुणी केवढी रुंद होती, हे तिला बरोब्बर आठवलं.

“हे इथे कसं?”

“ऱ्हायलं आसंल,” लिंबाजी म्हणाला आणि गाडी एकदम जोरात सोडली.

ती दाराला चिकटून बसली. रस्ता सुनसान होता. दोन्ही बाजूंना काळी उघडी रानं, भेगाळलेली. आपण ह्या माणसाबरोबर एकट्या निघालो आहोत आणि कुठे उतरवायचं हे त्याच्या हातात आहे, हे तिच्या आता लक्षात आलं. तात्याही असेच निघाले होते.

एका नाल्यापाशी वऱ्हाडाच्या बैलगाड्या थांबल्या होत्या. एकीचं चाक निखळलं होतं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव उन्हात घामाघूम उभा. पद्मजाने गाडी थांबवायला लावली. “परभणीच्या बाजूला जात असाल तर नवरदेवाला आणि बायकांना घेते.”

फेटेवाल्या म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, लिंबाजीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. “नगं माय. आमी जातो पायी.”

“अहो, ऊन केवढं आहे.”

“ऊन बरं,” म्हातारा म्हणाला. मागून कोणीतरी पोराला ओढून गाडीपासून लांब केलं. एक बाई पुटपुटली, “शुभाच्या दिवशी हीच कशी आली वाटंला!”

गाडी पुढे निघाली. पद्मजाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

“काय वाहता तुम्ही ह्या गाडीतून?” तिने विचारलं. “गांजा? दारू? का बायका?”

लिंबाजीने रस्त्यावरची नजर हलवली नाही. पण त्याचा चेहरा असा झाला, जसा कोणीतरी त्याला भर बाजारात थोबाडीत मारल्यावर व्हावा. “मास्तरांनी शप्पथ घातली व्हती, ताई. तुमाला सांगायचं न्हाई मनून.”

“मास्तर गेले.”

“शप्पथ न्हाई गेली.”

आणि ह्यावर आणखी काही विचारावं तर समोर फाट्यावर एक बाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, दोन्ही हात वर करून. लिंबाजीने करकचून गाडी थांबवली. बाई चाळिशीची, उभ्या अंगाची. हातात कापडाने झाकलेला तांब्या. ती पुढे आली, तापलेल्या बॉनेटवर तिने कपाळ टेकवलं, देवाच्या पायरीवर टेकवतात तसं. मग पुढच्या दाराशी येऊन आत वाकली.

“मास्तर, दूध आ…” ती थांबली. “मास्तर कुटं हायेत?”

“कशाला हवेत?” पद्मजाचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

“दर बाजाराला दूध देती मी त्यांला. दोन बाजार झाले, गाडीच दिसंना. तुमी कोन?”

“त्यांची मुलगी. तुमचं काय नातं त्यांच्याशी?”

बाईने लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजीने मान हलवली, एकदाच. बाईला कळलं. ती मटकन रस्त्यातच बसली. तांब्या मात्र तिने सांडू दिला नाही.

पद्मजा खाली उतरली. बाईची मनगटं उघडी होती. तिने पदराची गाठ सोडली आणि काचेचे तुकडे तळहातावर धरले. “ह्यातल्या तुमच्या कोणत्या?”

बाईने बघितलं, बोटाने एक हिरवा तुकडा बाजूला केला. “ही आसंल. हिरव्याच व्हत्या माझ्या. मालकांचं डोकं मांडीवर व्हतं, समजलं तसे हात फळीवर आपटले मी. मास्तर पुढून वरडले, झुंबरबाई, आत्ता न्हाई! आत्ता बांगडी फोडू नका, वेस यायचीय!”

“म्हणजे?”

“मंजी काय? तुमी शिकलेल्या, तुमाला ठावं न्हाई?” झुंबरबाई डोळे पुसत उठली. “गावाभायेर मेलेलं मानूस वेशीतून आत घेत न्हाईत. तसंच मसणात. बाईमानूस मसणात जात न्हाई. माझी सासू घरात बसलेली, आंधळी, ल्योक दवाखान्यातून येनार मनून. तिनं हात तरी कवा लावायचा त्याला? न्हाऊ तरी कुनी घालायचं? मास्तर वेशीत पुढं बसून मनले, धुगधुगी हाय अजून. वाट द्या. दिली. दारात उतरवलं, सासूनं तोंडावरून हात फिरवला, पानी घातलं. मग मनले, आता गेले. गावानं बी मान्य केलं.”

“आणि लोकांना कळलं नाही?”

“न कळायला गाव आंधळं हाय व्हय?” रडता रडता ती हसली. “समद्यांला कळतं. पर मास्तर मनले मंजी झालं. मास्तरांला खोटं कोन पाडनार? अन् मेल्यावर आपल्या बी मानसाला घरी यायचंच की कवातरी.” तिने तांब्या पुढे केला. “घ्या. मास्तर फुकट काई घेत नव्हते, पर दूध घ्यायचे.”

रस्त्यात उभ्या उभ्या पद्मजाने दूध घेतलं. ते कोमट होतं आणि त्याला धुराचा वास होता.

पुन्हा गाडी चालू झाली. मग तिने उपरणं मांडीवर घेतलं. “आता शपथ सुटली, लिंबाजी. त्या दिवशीचं सांगा.”

लिंबाजीने सांगितलं. परभणीच्या दवाखान्यात वारलेली एक म्हातारी घेतली होती. तिचा लेक मागे बसला होता, तिला धरून. मास्तर पुढे, इथेच. रस्त्यात म्हणाले, जरा दुखायलंय, गाडी सावलीला लाव. लावली. एक घोट पाणी घेतलं.

“अन् मनले, लिंबाजी, म्हातारीला उशीर करू नको. मान टाकली.”

“मग परत दवाखान्यात का नाही नेलंत?”

“धुगधुगी न्हवती, ताई. मला कळतं. आता किती मानसं नेली ह्या हातांनी.” त्याने चाक घट्ट धरलं. “उपरण्यानं बांधलं त्यांला, पडू नयेत मनून. टोपी खाली वढली. अन् नेली म्हातारी तिच्या गावाला. वेशीतल्या मानसांनी मास्तरांला बगितलं, मनले, मास्तर दमलेले दिसत्यात. अन् वाट दिली. मला तोंड बी उघडावं लागलं न्हाई. लय लांबचं गाव, आडरस्ता. तिथून परतायला सांज झाली.”

पद्मजाने डोळे मिटले. मेलेला माणूस समोर बसून मेलेल्या माणसासाठी रदबदली करतो आहे, आणि गाव मान देऊन बाजूला होतं आहे. तिला राग आला. त्या रागाला बसायला जागा सापडेना.

“आणि आमच्या दारात?” ती म्हणाली. “आमचं घर तर वेशीबाहेर. तिथे तुम्हाला कोण अडवणार होतं? मला का खोटं सांगितलंत?”

लिंबाजीने गाडीचा वेग कमी केला. “तोंडाला तेच वळण पडलेलं, ताई. अन् तुमी कंदील घिऊन भायेर आल्या. तुमच्याकडं बगून दुसरं काई निघंना तोंडातून.”

परभणीत पाट्या घेतल्या, रंग घेतला. दवाखान्यावरून परतताना फाटकापाशी एका माणसाने गाडी ओळखली आणि धावत आला. डोक्याला टॉवेल, पायात वहाणा नाहीत. त्याचं नाव सुग्रीव, आडगावचा. धाकट्या भावाला पान लागलं होतं, रानात साप चावला होता. दोन दिवस झुंजला, सकाळी गेला. आई, धुरपदाबाई, गावात वाट बघत होती. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

“मास्तर न्हाईत बाबा आता,” लिंबाजी म्हणाला. “माझा शब्द चालंना. मागं एकदा मास्तर तापानं पडले व्हते तवा गेलो व्हतो एकटा, तर वेशीतून माघारी लावलं. मनले, तुजं काय घिऊन बसलास, डायवरा?”

सुग्रीव रडला नाही, विनवण्या केल्या नाहीत. त्याने नुसतं गाडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, जसा पायी नेण्याचा हिशेब करत असावा.

पद्मजाच्या डोळ्यांसमोर अण्णाकाका आले, त्यांचा अडकित्ता आला. गाडी का खपत नाही, ते आता तिला समजलं होतं. घेतली तर जन्मात तिला वऱ्हाड मिळणार नव्हतं, बियाणं मिळणार नव्हतं, पगाराला जोड मिळणार नव्हती. मिळणार होतं ते हे. आणि त्यासाठी मास्तरांच्या लेकीला गावोगावच्या वेशीत जाऊन तोंडावर खोटं बोलावं लागणार होतं. ज्या गावांतून तिच्याकडे पोरी शिकायला यायच्या, त्यांच्याच वडीलधाऱ्यांसमोर.

“ताई, आपन निघू या,” लिंबाजी हळूच म्हणाला. “तुमाला न्हाई जमायचं.”

“पाट्या पुढे घ्या,” ती म्हणाली. “हौदा मोकळा करा.”

आडगावच्या वेशीपाशी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. पारावर चार-सहा माणसं बसली होती, गाडी बघून उठली. हौद्यात चादरीखाली भाऊ, त्याच्या उशाशी सुग्रीव. म्हातारा मुंजाजी, सुग्रीवने वाटेत सांगितलेला गावाचा कर्ता माणूस, काठी आडवी धरून रस्त्यात उभा राहिला.

“कोन हाय?”

“सुग्रीवचा भाऊ,” लिंबाजी म्हणाला. “दवाखान्यातून आनलाय. जीव हाय अजून.”

“तुजं राहू दे.” मुंजाजीने हौद्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर पुढच्या जागेवर होती. कंदील हातात घेतलेल्या माणसासारखा तो वाकून आत बघत होता. “मास्तर तर गेले मनत्यात. मग गाडी कुनाची ही आता? अन् तुमी कोन, बाई?”

वेशीच्या आत, गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी भिंतीला धरून उभी होती. तिला वाट दिसत नसावी. तिने कान इकडे लावला होता.

पद्मजाने मांडीवरचं उपरणं नीट केलं. तिने आवाज चढवला नाही.

“गाडी माझी,” ती म्हणाली. “मी मास्तरांची पद्मा. धुगधुगी आहे अजून, मुंजाजीकाका. वाट द्या.”